शेंदरी गणपती निळा कसा होतो

चित्र लोडच होत नाही, हा त्यातल्या त्यात बरा प्रॉब्लेम. स्क्रीन काळी राहते, प्रोग्रॅम एकतर गपचूप बंद पडतो नाहीतर सेगमेंटेशन फॉल्ट म्हणून बोंबलतो, आणि निदान एवढं तरी कळतं की काहीतरी बिघडलंय. खरा छळ म्हणजे चित्र लोड होतं आणि भलतंच दिसतं. रिक्षा आहे, ती रिक्षाच आहे हेही ओळखू येतंय, पण तिचं टप एकीकडे आणि चाकं दुसरीकडे. आकाश आहे, पण त्यात मधेच काळे पट्टे. आणि देवळातला शेंदरी गणपती चक्क निळा. कंपायलरची एक वॉर्निंग नाही, एरर नाही, प्रोग्रॅम मजेत चालू आणि समोर निळा गणपती.

हा गणपती आमच्या गेममधला. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तो राहतो कोथरूडला आणि मी सदाशिव पेठेत, आणि आम्ही दोघं मिळून सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक गेम करतोय. हौस म्हणून, विकायचा वगैरे काही नाही. गेम काय, तर अलका टॉकीजच्या चौकातून स्कूटर काढायची आणि वन-वे, खड्डे, मधेच थांबलेली लाल बस, रस्त्यात गाड्या आडव्या लावून गप्पा मारणारे दोन काका हे सगळं चुकवत कसबा गणपतीला पोचायचं. स्क्रीन ३२० बाय २००, रंग २५६. मुद्दाम. फोनमधला एक साधा फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट मोठा असतो हे आम्हाला माहितीये, आणि युनिटी किंवा गोडो असं तयार गेम इंजिन घेतलं तर हे सगळं पटकन उरकेल हेही माहितीये, भाचा मला ते दर रविवारी सांगतो. पण दिवसभर ऑफिसात मी जो कोड लिहितो त्यात माझ्या आणि मशीनच्या मधे इतके थर असतात की खाली नक्की काय चाललंय ते कुणालाच माहिती नसतं. घरी आल्यावर तरी एक बाईट ठेवला की एक ठिपका उमटला, इतकं सरळ काहीतरी असावं असं वाटतं.

त्याचा फोन आला तेव्हा नदीपात्रात ढोल-ताशा पथकांची प्रॅक्टिस सुरू झालेली, म्हणजे गणपतीला अजून अवकाश होता पण संध्याकाळी फोनवर बोलायची सोय संपलेली, त्यामुळे प्रत्येक वाक्य दोनदा.

"मामा, गणपती निळा येतोय."

"झाडं कशी आहेत?"

"झाडं बरोबर आहेत. हिरवी."

"झेंडूचे हार?"

"ते आकाशी झालेत."

"आणि कुत्रा?"

"कुत्रा काळा-पांढरा आहे, तो तसाच आहे. अरे मामा, मी गणपतीचं सांगतोय, तू कुत्र्याचं काय विचारतोयस!"

पण उत्तर कुत्र्यातच होतं. शेंदरी रंग म्हणजे साधारण लाल २५५, हिरवा १०२, निळा ०. यातल्या लाल आणि निळ्याची अदलाबदल केली की ०, १०२, २५५, म्हणजे झकास निळा. झेंडूच्या पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही भरपूर असतात, तिथे लालचा निळा झाला की उरतो हिरवा अधिक निळा, तो आकाशी दिसतो. आमच्या झाडांच्या हिरव्यात लाल आणि निळा दोन्ही थोडे थोडे आणि सारखेच, त्यामुळे अदलाबदल झालेली कळतच नाही. आणि काळ्या-पांढऱ्या कुत्र्यात तर तिन्ही आकडे एकच, तिथे कसेही फिरवा, ढिम्म फरक पडत नाही. म्हणजे पहिला आणि तिसरा आकडा उलटे वाचले जातायत, विषय संपला. आमची चित्रं बीएमपी नावाच्या फॉरमॅटमधे असतात, त्या फाईलमधे रंगांचं टेबल असतं त्यात क्रम निळा, हिरवा, लाल असा असतो, एकेका रंगाला चार बाईट, त्यातला चौथा रिकामा. स्क्रीनवर चित्र काढायला आम्ही एसडीएल नावाची लायब्ररी वापरतो, तिच्या रंगाच्या स्ट्रक्टमधे, म्हणजे एकत्र बांधलेल्या आकड्यांच्या गठ्ठ्यात, क्रम लाल, हिरवा, निळा, आणि चौथा अल्फा, म्हणजे पारदर्शकपणा. भाच्याने अख्खं टेबल उचलून मेमकॉपीने, म्हणजे बाईट जसेच्या तसे उचलून ठेवणाऱ्या फंक्शनने, इकडून तिकडे ओतलेलं. चार बाईट इकडे, चार बाईट तिकडे, साईझ बरोब्बर जुळते, मग कोण कशाला ओरडेल?

आता यात मी काही फार हुशारी केली असं नाही. २५६ रंगांच्या चित्राचे बग बघायची एक पद्धत आहे, ती एकदा अंगवळणी पडली की निम्मे बग असे फोनवरच सुटतात. अशा फाईलमधे दर पिक्सेलला एक बाईट, म्हणजे ० ते २५५ मधला एक नंबर, इतकंच असतं. कुठल्या नंबरला कुठला रंग हे एका वेगळ्या टेबलात असतं, त्याला पॅलेट म्हणतात. बोहरी आळीतल्या रंगाच्या दुकानात आपण शेडकार्ड बघून नंबर सांगतो आणि दुकानदार डबा काढून देतो, पण नंबर एका कंपनीच्या कार्डातला आणि डबा दुसऱ्या कंपनीचा असं झालं तर हॉल क्रीमऐवजी पोपटी होतो, आणि त्यात भिंतीची काही चूक नसते. इथेही तसंच. आकार बरोबर आणि रंग भलते असले तर नंबर नीट आलेत, टेबलात घोळ आहे. रंग ओळखीचे पण आकार विस्कटलेला असेल तर टेबल नीट आहे, नंबर वाचताना ओळी घसरल्यात. आणि दोन्ही गेलेलं असेल, नुसता रंगीत कचरा दिसत असेल, तर दोन्हीच्या आधी काहीतरी झालंय, हेडर, म्हणजे फाईलच्या सुरुवातीची तिची स्वतःची माहिती, वाचताना किंवा फाईल उघडतानाच. लोक काय करतात की रंग चुकले की चित्र काढायचा कोड उपसत बसतात, तिथे काही सापडत नाही, मग काहीतरी अधिक-उणे एक करून बघतात, मग दुसरंच बिघडतं.

फाईल उघडण्याबद्दल थोडक्यात सांगतो कारण त्यात मजा नाही, नुसता वैताग आहे. मी लिनक्सवर, भाचा विंडोजवर. लिनक्सला कॅपिटल-स्मॉलचा फरक कळतो, त्यामुळे त्याच्याकडे मस्त उघडणारी फाईल माझ्याकडे सापडतच नाही. विंडोज एक्स्टेन्शन लपवून ठेवतं, त्यामुळे नाव बदलताना फाईलला दोन-दोन बीएमपी लागलेले असतात आणि दिसतो एकच. टर्मिनलमधून चालवला तर चालणारा गेम फाईल मॅनेजरमधून डबलक्लिक केल्यावर चित्रं शोधत बसतो, कारण चालू फोल्डर वेगळं असतं, यावर एसडीएलमधे प्रोग्रॅम कुठे ठेवलाय तो रस्ता सांगणारं फंक्शन आहे, ते वापरायचं आणि सुटायचं. आणि कुणी मित्राने जेपीजीचं नाव बदलून बीएमपी करून पाठवलेलं असतं, तर त्यासाठी उघडल्या उघडल्या पहिले दोन बाईट बघायचे. बीएमपी असेल तर ते बी आणि एम असतात. नसतील तर फाईलच्या नावासकट शिव्या प्रिंट करायच्या आणि बाहेर पडायचं.

पण एक बग मात्र असा आहे की त्याच्याबद्दल मला जवळजवळ प्रेम वाटतं. भाच्याच्या मशीनवर रिक्षा अर्धीच यायची, उरलेली जागा कचरा. तीच फाईल, तोच कोड, माझ्याकडे अख्खी रिक्षा. "माझ्याकडे तर चालतंय" हे वाक्य बोलायची संधी ऑफिसात रोज मिळते, पण घरात पहिल्यांदाच. कारण एका अक्षराचं होतं. फाईल उघडणाऱ्या एफओपनला मोड देताना नुसतं आर (वाचायला) दिलेलं, आरबी (बाईट जसेच्या तसे वाचायला) नाही. लिनक्सला त्याने काही फरक पडत नाही, पण विंडोजवर नुसतं आर म्हणजे टेक्स्ट फाईल, आणि टेक्स्ट फाईलमधे २६ नंबरचा बाईट आला की सी ची लायब्ररी म्हणते फाईल संपली. ही डॉसच्या आणि त्याच्याही आधीच्या काळापासून चालत आलेली पद्धत आहे, कंट्रोल-झेड म्हणजे शेवट. आता आमच्या पॅलेटमधे २६ नंबरला होता रिक्षाचा एक गडद हिरवा, सावलीतला. चित्रात तो पहिल्यांदा जिथे यायचा तिथे वाचन खलास. हाच रंग २७ नंबरला असता तर बग दिसलाच नसता, आणि पुढे कधीतरी दुसऱ्याच चित्रात उगवला असता. शिवाय टेक्स्ट मोडमधे १३ आणि १० हे दोन बाईट लागोपाठ आले की त्यांचा एकच होतो, म्हणजे तिथून पुढचं सगळं एकेक घर सरकतं. फाईल वाचणारं एफरीड किती बाईट मिळाले तो आकडा परत देतं, तो तपासला असता तर हे पहिल्याच मिनिटाला कळतं, पण एफरीडचं उत्तर तपासणारा माणूस मी अजून पुस्तकाबाहेर फारसा बघितलेला नाही.

हेडरचंही असंच. बीएमपीचं पहिलं हेडर १४ बाईटचं असतं. त्यात आधी दोन बाईटची सही, मग चार बाईटची फाईल साईझ, असं. भाच्याने शहाण्यासारखा स्ट्रक्ट केला, सगळी फील्डं क्रमाने लिहिली, आणि साइझऑफने त्याची लांबी विचारली तर १६. कारण कंपायलरला चार बाईटचा आकडा चारच्या पटीतल्या पत्त्यावर ठेवायला आवडतं, म्हणून तो सहीनंतर गुपचूप दोन बाईट मोकळे सोडतो. मग फाईलमधून १६ बाईट उचलले जातात, साईझ चुकते, रुंदी म्हणून भलताच आकडा येतो, आणि अब्जावधी पिक्सेलचं चित्र मेमरीत मावत नाही म्हणून मेमरी मागणारं मॅलॉक नल, म्हणजे नकार, देतं. मधे जागा सोडू नको असं कंपायलरला सांगणारं प्रॅग्मा पॅक लावून हे सुटतं. मला स्वतःला ते आवडत नाही. मी दोन छोटी फंक्शनं लिहितो, एक दोन बाईट वाचून आकडा बनवतं, एक चार बाईट वाचून, आणि हेडर त्यांनीच एकेक करून वाचतो. चार ओळी जास्त लागतात पण कंपायलरच्या मनात काय आहे ते ओळखत बसावं लागत नाही.

दुसरं हेडर ४० बाईटचं असतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि १४ अधिक ४० म्हणजे ५४, म्हणून लोक डोळे झाकून ५४ व्या बाईटपासून टेबल वाचतात. पण पुढे आलेल्या प्रकारांत हेच हेडर १०८ किंवा १२४ बाईटचं असतं. गिंप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममधून बीएमपी एक्स्पोर्ट करताना कलर स्पेसची माहिती लिहू नको अशी एक टिकमार्क असते, ती केली नाही तर हेडर वाढतं, आणि मग आपण ज्याला पॅलेट समजतोय ते पॅलेट नसून हेडरचंच शेपूट असतं. पहिले सतरा किंवा एकवीस रंग विचित्र आणि बाकीचे सगळे तितकीच घरं पुढे सरकलेले दिसले की हे समजायचं. हेडरची लांबी हेडरच्या पहिल्या चार बाईटमधेच लिहिलेली असते, आणि चित्र कुठून सुरू होतं ते फाईलच्या १० व्या बाईटपाशी लिहिलेलं असतं. फाईल स्वतःबद्दल सगळं सांगत असते, आपण विचारायचं सोडून पाठ केलेला आकडा वापरतो.

आता ती तिरकी रिक्षा. बीएमपीमधे प्रत्येक ओळ चारच्या पटीत संपवायची असा नियम आहे, कमी पडले तर शेवटी रिकामे बाईट भरतात. आमची रिक्षा ४५ पिक्सेल रुंद, म्हणजे फाईलमधे ओळ ४८ बाईटची. कोड वाचतो ४५-४५. मग प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा तीन पिक्सेल सरकते, पंधरा ओळींत अख्खी रुंदी फिरून येते, आणि रिक्षाचा पार चकणा जीव होतो. यातली खुबी अशी की बाकी कशातच हे दिसत नव्हतं. बॅकग्राउंड ३२० रुंद, स्कूटर ३२, बस ६४, सगळे चारच्या पटीतले. वर्षभर लपून राहू शकतो असा बग, आणि मग कुणीतरी ४५ रुंदीचं चित्र काढतं. ओळी खालून वर ठेवलेल्या असतात हे तर वेगळंच, पण त्यात निदान चित्र सरळ उलटं येतं, काय झालंय ते शेंबड्या पोरालाही कळतं. उंची उणे लिहिलेली असली तर ओळी वरून खाली असतात, तेही बघावं लागतं.

या सगळ्यावर मी भाच्याला एक फाईल करून दिली, ती त्याला आधी फालतू वाटली आणि आता तो ती कॉलेजच्या मित्रांना वाटत असतो. तीन पिक्सेल रुंद, दोन पिक्सेल उंच. वरच्या ओळीत लाल, हिरवा, निळा. खालच्या ओळीत पांढरा, काळा, पिवळा. २५६ रंगांची बीएमपी केली तर ती बरोबर १०८६ बाईटची होते: १४ चं हेडर, ४० चं हेडर, १०२४ चं टेबल, आणि चित्र फक्त ८ बाईटचं, त्यातले दोन पुन्हा भरतीचे. टर्मिनलमधे हेक्सडंप, म्हणजे फाईलचे सगळे बाईट आकड्यांत, काढला की शेवटच्या अर्ध्या ओळीत अख्खं चित्र डोळ्यांनी वाचता येतं. स्क्रीनवर पन्नास पट मोठं करून दाखवलं की लाल-निळा उलटला का, वरखाली झालंय का, भरतीचे बाईट चित्रात घुसलेत का, तिन्हीची उत्तरं एका नजरेत. विश्रामबागवाड्याचं चित्र लोड करून त्यात बग शोधण्यापेक्षा हे बरं. शिवाय गेममधे एफ-टू दाबलं की कोपऱ्यात चालू पॅलेटचा सोळा बाय सोळाचा चौकोन दिसतो, तो बघितल्याशिवाय रंगाबद्दल वाद घालायचा नाही असा आमच्यात नियम आहे.

वाड्याचं नाव निघालंच आहे तर पॅलेटच्या खऱ्या भांडणाकडे येतो. एका वेळी स्क्रीनवर एकच पॅलेट. चित्रं वीस असोत की दोनशे, सगळ्यांनी त्याच २५६ जागांत भागवायचं. नवीन माणूस काय करतो, प्रत्येक चित्र आपापल्या पॅलेटसकट सेव्ह करतो, लोड करताना प्रत्येकाचं पॅलेट सेट करतो, आणि मग शेवटी जे लोड झालं ते नीट दिसतं आणि आधीचे सगळे भुतासारखे. पहिल्यांदा भाच्याने बॅकग्राउंडला विश्रामबागवाड्याचा फोटो घातला. १८०७ सालचा दुसऱ्या बाजीरावाचा वाडा, समोरचं लाकडी कोरीव काम एवढं सुंदर की फोटो कसाही काढा. तो २५६ रंगांत बसवला, वाडा अप्रतिम आला. फक्त बस तपकिरी झाली. स्कूटर तपकिरी. गणपती, अर्थातच, तपकिरी.

हे का होतं ते समजून घ्यायला मजा येते. फोटोतले लाखो रंग २५६ वर आणायचे तर मीडियन कट नावाची पद्धत आहे, पॉल हेकबर्ट यांनी १९८२ मधे मांडलेली. सगळे रंग एका मोठ्या खोक्यात धरायचे, ज्या बाजूला खोकं सगळ्यात लांब तिथे असं कापायचं की दोन्हीकडे सारखे पिक्सेल येतील, मग त्या खोक्यांचं पुन्हा तसंच, २५६ खोकी होईपर्यंत. पद्धत चांगलीच आहे, पण ती पिक्सेल मोजते. ज्या रंगाचे पिक्सेल जास्त त्याला जागा जास्त. वाड्याच्या फोटोत लाकूडच लाकूड, त्यामुळे बहुतेक सगळ्या जागा तपकिरीच्या वेगवेगळ्या छटांनी बळकावल्या, आणि जो लाल फोटोत नव्हताच त्याला कोण विचारतो? मग बसचा लाल आपल्याला सगळ्यात जवळचा रंग शोधतो आणि तो सापडतो दरवाज्याच्या बिजागरीशेजारी.

म्हणून आम्ही उलटं केलं. आधी पॅलेट हाताने बांधलं, सोळा ओळी, दर ओळीत सोळा जागा. शून्य नंबर पारदर्शक. मग रस्त्याचे राखाडी, आकाश, झाडं, माणसांच्या कातडीचे रंग, बसचे आठ लाल, शेंदराची छोटी ओळ, आणि वाड्याला लाकडासाठी बावीस, त्यावर एकही नाही. मग प्रत्येक चित्र या पॅलेटला जुळवून घ्यायचं. गिंपमधे चित्र इंडेक्स्ड, म्हणजे पॅलेटवालं, करताना आपलं पॅलेट देता येतं, मात्र तिथे न वापरलेले रंग काढून टाकायची एक टिकमार्क असते, ती बंद करायची. ती चालू राहिली की चित्रात नसलेले रंग टेबलातून जातात, उरलेले पुढे सरकतात, गिंपमधे चित्र सुंदर दिसतं आणि गेममधे भलतेच रंग. यावर किती लोकांचे शनिवार-रविवार गेले असतील देव जाणे. आणि डिदरिंग, म्हणजे नसलेली छटा भासवायला वेगवेगळ्या रंगांचे ठिपके पेरणं, तेही बंद. फ्लॉइड आणि स्टाईनबर्ग यांची १९७६ ची पद्धत, जिच्यात एका पिक्सेलची चूक शेजारच्यांना सोळाव्या हिश्श्यांत वाटतात, उजवीकडे सात, खाली डावीकडे तीन, खाली पाच, खाली उजवीकडे एक, ती स्थिर चित्राला फार छान, पण हलणाऱ्या काकांच्या प्रत्येक फ्रेमला वेगवेगळे ठिपके पडतात आणि काकांचा सदरा वळवळायला लागतो.

पारदर्शक रंगाचं एक सांगायचं राहिलं. पुष्कळ लोक राणी रंग ठरवतात, लाल २५५ निळा २५५, आणि कोडमधे "हा रंग दिसला तर काढू नको" असं लिहितात. मग कुणीतरी चित्र मऊ ब्रशने काढतं किंवा लहान-मोठं करताना स्मूथ करतं, कडेला राणी आणि हिरवा मिसळून तिसराच रंग तयार होतो, तो काही पारदर्शक नसतो, आणि प्रत्येक झाडाला गुलाबी काठ. पेन्सिल टूल वापरायचं, ब्रश नाही, आणि तपासायचा तो नंबर, रंग नाही. शून्य म्हणजे काही काढू नको. शून्याच्या घरात रंग कुठलाही असो.

आकाशातले काळे पट्टे हे आमच्या जास्तीच्या हौसेचं फळ. हाच गेम डॉसबॉक्समधे, म्हणजे जुनं डॉसचं मशीन आजच्या मशीनवर चालवणाऱ्या प्रोग्रॅममधे, चालेल असा पण आम्ही करतोय, कारण मी कॉलेजात टर्बो सी च्या निळ्या स्क्रीनवर शिकलो आणि तेव्हा बीजीआय, म्हणजे त्यातली ग्राफिक्सची लायब्ररी, तिच्या एररच्या पुढे फारसं जाता आलं नाही. आयबीएमने १९८७ मधे व्हीजीए हे ग्राफिक्सचं हार्डवेअर आणलं त्यातला १३ एच नावाचा मोड, ३२० बाय २००, म्हणजे ६४,००० बाईट, आणि त्या काळच्या मशीनमधे मेमरीचा एक सेगमेंट ६५,५३६ बाईटचा, म्हणजे अख्खी स्क्रीन एका सेगमेंटमधे मावते. एका पॉइंटरने सगळी स्क्रीन. लोक त्या मोडवर इतकं प्रेम का करायचे ते तिथे बसून एक ठिपका काढला की कळतं. पण त्याच्या पॅलेटमधे दर रंगाला सहाच बिट, ० ते ६३. एकूण २,६२,१४४ रंग, त्यातले २५६ निवडायचे. आपण फाईलमधले ० ते २५५ चे आकडे तसेच व्हीजीएकडे पाठवले तर वरचे दोन बिट गळतात, ६३ नंतर ६४ चा पुन्हा शून्य होतो, आणि फिक्याकडे जाणारं आकाश चार वेळा काळ्यापासून सुरू होतं. आकडा चारने भागायचा, झालं. उलट जुनं पॅलेट एसडीएलमधे आणलं तर सगळा गेम अंधारात, तिथे चारने गुणायचं, पण ६३ चोक २५२ होतात, पांढरा जरा मळकट दिसतो, म्हणून गुणाकारात त्याच आकड्याचे वरचे दोन बिट परत मिळवायचे, मग बरोबर २५५.

भाच्याचं म्हणणं, हे सगळं कशाला, बत्तीस बिट घे, प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग, पॅलेटची कटकटच नको. एसटीबी इमेज नावाची एकच हेडर फाईल आहे, एका ओळीत पीएनजी लोड होते. होते, खरंय. पण ती नंबर फेकून देऊन थेट रंग हातात देते, आणि मला नंबरच हवे असतात. कारण संध्याकाळ. गेममधे स्कूटर अलकाच्या चौकातून निघते तेव्हा ऊन असतं, आणि कसब्यात पोचेपर्यंत दिवेलागण होते, आणि त्यासाठी आम्ही एकही पिक्सेल बदलत नाही. ६४,००० नंबर जागच्या जागी, फक्त टेबलातले ७६८ आकडे हळूहळू निळसर आणि गडद करत जातो. खिडक्यांतल्या दिव्यांचे आठ नंबर तेवढे त्यातून वगळलेत, ते दिवसा भिंतीच्याच रंगाचे असतात आणि संध्याकाळी पिवळे होतात, त्यामुळे वाड्यांत दिवे लागतात. मुठेच्या पाण्याचे सहा नंबर एकमेकांत फिरवत ठेवले की नदी वाहते, आणि नदी वाहताना बघायची हौस पुण्यात निदान गेममधे तरी भागवून घ्यावी. बत्तीस बिटमधे हे करता येत नाही असं नाही, शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहून सगळं करता येतं, पण मग ती दुसरी हौस झाली. आत्ताही एसडीएलला शेवटी मी बत्तीस बिटचंच टेक्स्चर, म्हणजे तयार चित्र, देतो, दर फ्रेमला सगळे नंबर टेबलातून रंगात बदलतो, ६४,००० वेळा एका ॲरेत बघायचं, आजच्या मशीनला त्याचं काहीच वाटत नाही. तिथेही क्रमाचा जुनाच घोळ आहे, एआरजीबी नावाचा फॉरमॅट आपल्या मशीनच्या मेमरीत प्रत्यक्षात निळा, हिरवा, लाल, अल्फा असा पडलेला असतो, आणि भाच्याला हे समजावताना तो माझ्याकडे असं बघत होता की हे सगळं मीच मुद्दाम असं ठेवलंय.

पण दिवे लागलेले बघितल्यापासून तो बत्तीस बिटचं नाव जरा कमी काढतो. आता त्याने विसर्जन मिरवणुकीची लेव्हल करायला घेतलीये. पथकाचे पांढरे कुर्ते जमले, फेट्यांचा केशरी शेंदराच्या ओळीतून भागला, ताशाच्या काड्यांना वाड्याचंच लाकूड. अडलंय गुलालावर. हवेत उडणारा, रस्त्यावर पडलेला, लोकांच्या डोक्यावरचा आणि दिव्याच्या उजेडातला, निदान सहा शेड लागतील म्हणतो, आणि टेबलात जागा उरल्यात चार. मी म्हटलं वाड्याच्या बावीसातल्या दोन घे. तर म्हणतो, "मामा, लाकडाला हात लावायचा नाही असं तूच ठरवलंयस. बसला आठ लाल कशाला लागतात? बस काय एवढी धुतलेली असते का?"